शिवेवरची कोंबडी

एका गावात एक पोर होती आणि तिची तक्रार एकच होती, की माझं बोलणं कुणी खरं धरत नाही.

ही गोष्ट फार पूर्वीची नाही, फार पुढची आहे. जग एकदा मोडून झालं, त्यानंतरची. कसं मोडलं ते विचारू नका. मोडणाऱ्यांनी कुणाला सांगून मोडलं नव्हतं. आभाळातून राख पडली, शहरं ओस पडली, मोटारी जिथल्या तिथं उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खिडक्यांतून बाभळी उगवल्या. थोडी माणसं एका दगडखाणीत शिरली म्हणून वाचली. खाण खोल, भिंती उंच, राख वरच्या वर निघून गेली. मग तिथंच त्यांनी गाव वसवलं. खाणीच्या पायऱ्यांवर नाचणी लावली, शेळ्या ठेवल्या, कोंबड्या पाळल्या, आणि तळाला पावसाचं जे पाणी साचायचं ते वर्षभर पुरवून प्यायले.

खाणीतून वर जायला एकच वाट होती. पूर्वी त्या वाटेनं दगडाचे ट्रक चढायचे. वाटेच्या टोकाला जुन्या टायरांची रांग मांडलेली होती. ती गावाची शीव. टायरांच्या अलीकडे हवा चांगली, टायरांच्या पलीकडे हवा विषारी. जो शीव ओलांडेल त्याला परत आत घ्यायचं नाही. हा नियम तिथल्या लेकरांना बोलता यायच्या आधी कळायचा.

आता नियम खरा कशावरून? तर कोंबडीवरून.

दरवर्षी उन्हाळा संपत आला की गावातली एक कोंबडी पिंजऱ्यात घालून टायरांच्या पलीकडे ठेवायचे. सकाळी ठेवायची आणि सगळ्यांनी खाली येऊन दारं लावून बसायचं. दिवस मावळताना कारभारीण वर जाऊन बघायची. कोंबडी जिवंत असली तर जग बरं झालं. मेली असली तर अजून नाही. आणि कोंबडी दरवर्षी मेलेलीच असायची. मेलेल्या कोंबडीला हात लावायचा नाही, पिंजरा तिथंच सोडायचा, पुढल्या वर्षी नवा विणायचा.

जाणाऱ्या जिवाला उपाशी पाठवू नये, एवढी माया त्या गावात होती. म्हणून पिंजऱ्यात मूठभर दाणा टाकायचे. तोही साधासुधा नाही. निळ्या पिंपातला गुलाबी मका. ते पिंप मोडलेल्या जगातून आलेलं, झाकण घट्ट, आणि अंगावर माणसाची कवटी काढलेली, खाली दोन हाडं आडवीतिडवी. कवटी म्हणजे कोण? पितर. मग तो दाणा पितरांचा. जित्या माणसानं तो खायचा नाही, पेरायचा नाही, फक्त शिवेवर जाणाऱ्या कोंबडीला द्यायचा. अमावास्येला पिंपाला हळदकुंकू लावायचे. कारभारीण पुढं आणि गाव मागं.

त्या साली पाऊस लवकर उघडला होता. खाणीतलं पाणी खाली खाली गेलं आणि उन्हाळ्यात नुसता गाळ राहिला. गाळ फडक्यातून पिळायचा आणि करवंटीनं वाटायचा, अशी पाळी आली. पोरीच्या धाकट्या भावाचे ओठ फाटले होते. रडला तर डोळ्यांत पाणी येत नव्हतं. आई स्वतःची करवंटी त्याच्या तोंडाला लावायची आणि पोरीला म्हणायची, "मला न्हाई तहान. मी सकाळीच प्यालेय." पोर काही खुळी नव्हती.

ही पोर रोज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालायची. तेव्हा खाणीवर बगळे यायचे, किडे टिपायला. एके दिवशी तिला दिसलं की आभाळातून उतरतानाच बगळ्यांच्या पायांना चिखल आहे. ओला, काळा, गुडघ्यापर्यंत.

ती पळत कारभारणीकडे गेली. कारभारीण बाजेवर बसली होती. मांडीवर तिचा लाडका तुरेवाला कोंबडा होता. तो कोंबडा तिच्या मागं मागं गावभर फिरायचा.

"कारभारीण आजी, बगळ्यांच्या पायाला ओला चिखल आहे. ते टायरांच्या पलीकडून येतात. तिकडं पाणी आहे."

"तुझ्या डोळ्यात चिखल आहे," कारभारीण म्हणाली.

"खरंच आहे. मी जवळून बघितलं."

"पलीकडं पाणी असेल तर विषाचं असेल."

"मग बगळे का मरत नाहीत?"

बसलेली माणसं हसली. एकजण म्हणाला, "बगळा उंच उडतो. विष जड असतंय, खाली बसतंय. एवढं कळत न्हाई व्हय तुला?"

"चिखलात उभं राहायला तो खालीच उतरतो ना?" पोर म्हणाली.

यावर त्याला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यानं तिच्या आईला बोलावलं. ज्याला उत्तर सुचत नाही तो पोरीच्या आईलाच बोलावतो.

आईनं तिला दंडाला धरून घरी आणलं. "कशाला चार माणसांत तोंड चालवतीस?"

"तुला तरी खरं वाटतंय का, आई?"

आई गाळ पिळत होती. तिनं वर बघितलं नाही. "माझ्या खरं वाटण्यानं पाणी येणार हाय का?"

कोंबडी काढायचा दिवस आला. चिठ्ठ्या टाकल्या, तर पोरीच्या घराचं नाव निघालं. पोरीची एक ठिपक्यांची कोंबडी होती, अंगठ्याएवढी असल्यापासून हातावर वाढवलेली. तीच द्यायची ठरली, कारण घरात दुसरी नव्हतीच. पोर रडली नाही. ती सकाळीच खुरपं घेऊन वाळवीचं वारूळ खणायला गेली. टोपलीभर वाळवी आणली, वर नाचणी घातली आणि कोंबडीला पोट फुटेस्तोवर चारली.

आई म्हणाली, "अगं, मरायला चाललेल्या कोंबडीला कशाला घालतीस? तिला पितरांचा दाणा मिळणारच हाय की."

"पितरांचा त्यांच्यापाशी. माझ्या हातचं तिनं खाऊन जाऊ दे."

पिंजरा टायरांच्या पलीकडे ठेवला. कारभारणीनं गुलाबी मका आत टाकला, सगळ्यांनी हात जोडले, आणि गाव खाली उतरून दारं लावून बसलं. पोर उतरली नाही. ती वाटेच्या कडेला एका मोठ्या शिळेआड बसून राहिली. तिच्या मनात तेव्हा पळून जायचं नव्हतं. कोंबडी मरताना एकटी नको, एवढंच होतं.

ऊन वर आलं. कोंबडी मरेना. तिनं दाणा पायानं उकरला, चोच लावली नाही, पोट गच्च भरलं होतं. मग ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसली. थोड्या वेळानं उठली, तर खाली अंडं.

पोर शिळेमागून बघत राहिली. पलीकडून वारा येत होता. आधी कोंबडीच्या पिसांतून जायचा आणि मग तिच्या तोंडावर यायचा. टायरांची रांग हातभर अंतरावर होती.

ती स्वतःशीच म्हणाली, "वाऱ्याला टायर कळतात व्हय?"

हे एवढंच वाक्य. गावातल्या एकाही शहाण्याला ते सुचलं नव्हतं. आणि एकदा सुचल्यावर पोरीला तिथं बसवेना. खाली बघितलं तर आपल्या घराचं बंद दार दिसत होतं. टायर ओलांडला तर ते दार पुन्हा उघडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि नाही ओलांडला तर दाराआडचं लेकरू पावसापर्यंत टिकणार नाही, हेही ठाऊक होतं.

तिनं टायरावर पाय दिला आणि पलीकडे उतरली. कोंबडीचा पिंजरा डोक्यावर घेतला आणि बगळे ज्या बाजूनं यायचे तिकडं चालायला लागली.

पलीकडचं जग तिनं कधी बघितलं नव्हतं. घाबरली का? घाबरली. पण बघण्यासारखं इतकं होतं की भीती मागं पडली. एक रुंद काळा रस्ता, मधोमध फाटलेला, फटींतून एरंड उगवलेला. लाल एसट्यांची रांग, सगळ्या गंजलेल्या, एकीच्या टपावर वानरं बसलेली. एक मोठं घर, त्याच्या भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र, बाईच्या हातात साबण. इतक्या वर्षांत तिचं हसू गेलं नव्हतं. पोरीनं तिलाही विचारलं, "पाणी कुणीकडं गं?" कोंबडी पिंजऱ्यातून कुरकुरली.

टेकडी चढली, उतरली, आणि दुपार कलताना तिला नदी दिसली.

नदी म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. एवढं पाणी एका जागी, आणि वर ते चाललेलंही. ती काठावर जाऊन बसली आणि रडायला लागली. मग ओणवी होऊन प्याली, पोट दुखेस्तोवर.

"हळू पी गं. नदी कुठं पळून चालली न्हाई," मागून आवाज आला.

एक बाई उभी होती. खांद्यावर जाळं, पदर खोचलेला. पोर दचकली. बाईही दोन पावलं मागं सरली.

"कुठली तू?"

"खाणीतली."

बाई आणखी मागं सरली. तिनं पदर नाकाला लावला. "खाणीतली? पटकीच्या खाणीतली?"

"पटकी? आमच्यात कुठं पटकी आहे? विष तर तुमच्याकडं आहे."

"आमच्याकडं? आमच्याकडं मासं हायेत."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. बाईच्या मागं झोपड्या दिसत होत्या, चुली धुरकटत होत्या, पोरं पाण्यात उड्या मारत होती. विषानं मेलेलं कुणी दिसत नव्हतं.

"मावशी," पोरीनं विचारलं, "आमच्याकडं पटकी आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुमच्या शिवेवर दरसाल मेलेली कोंबडी ठेवता की तुम्ही. आमचं म्हातारं-कोतारं म्हणायचं, बिचारी माणसं भली हायेत, सांगतायत की इकडं येऊ नका, आमच्यात मरी लागलीय. आम्ही लांबूनच हात जोडून माघारी येतो."

पोरीला आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि हसावं की रडावं ते कळेना. कोंबडी ठेवायची ह्यांनी, बाहेर विष आहे का बघायला. तीच कोंबडी बघून बाहेरच्यांनी ठरवायचं, विष आत आहे. इतकी वर्षं दोन गावं एका मेलेल्या कोंबडीला घाबरून बसली होती.

"पण मावशी, कोंबडी मरते हे खरं आहे. दरवर्षी मरते. ही तेवढी मेली नाही."

मावशी आता जवळ आली. तिनं पिंजरा खाली घेतला, दार उघडलं, कोंबडीला बाहेर काढून तिचे डोळे बघितले. मग आत हात घालून अंडं काढलं. अंड्याबरोबर दोन-चार गुलाबी दाणे हाताला लागले. मावशीनं ते उन्हात धरले आणि एकदम खाली टाकून वाळूनं हात घासला.

"ह्ये कुणी घातलं हिला?"

"आम्हीच. पितरांचा दाणा आहे. पिंपावर कवटी आहे. अमावास्येला आम्ही तिला हळदकुंकू लावतो."

"अगं येडे, ह्ये बियाणं हाय. औषध चोळलेलं. किडीनं खाऊ नये म्हणून. रंगवत्यात ते त्याचसाठी, कुणी चुकून दळू नये म्हणून. आमच्याकडं असलं एक पोतं निघालं होतं, माझ्या बापानं खड्डा करून पुरलं." मावशीनं पुन्हा हात घासला. "आन् ती कवटी पितरांची न्हाई. ज्याला वाचाया येत न्हाई त्यालाबी कळावं, खाल्लं तर मरशील, म्हणून काढलेली. तुम्ही तिला हळदकुंकू लावलंत व्हय?"

गावाची लाज तिला एकटीला वाटली.

रात्री मावशीनं तिला माशाचं कालवण आणि भाकरी घातली. ती कोंबडीला कुशीत घेऊन झोपली. सकाळी मावशीनं एक मोठी घागर भरली, चुंबळ केली आणि म्हणाली, "चल. घागर तुझ्यानं तेवढ्या चढाला निघायची न्हाई. मी येते."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की. पण तुला कुणी खरं धरायचं न्हाई. दोघी असलो तर निम्मं तरी धरतील."

इकडं खाणीत काय झालं ते ऐका. संध्याकाळी कारभारीण वर गेली तर पिंजराच नाही. गावात हाकाटी झाली. मग पोर नाही हे कळलं. आईला वाटलं होतं, कोंबडीपायी रुसून शेजारच्या घरात बसली असेल. ती वर जाऊन टायरांच्या अलीकडे बसली ती उठलीच नाही. लोक म्हणाले, पोर मेली. आई म्हणाली, "मढं दाखवा, मग रडते."

दुसऱ्या दिवशी पोर चढावरून येताना आईलाच पहिल्यांदा दिसली. बघता बघता सगळं गाव टायरांपाशी गोळा झालं. हातात दगड होते. कारभारीण पुढं, काखेत कोंबडा.

"तिथंच थांब," कारभारीण म्हणाली. "शीव ओलांडलीस तू. तुला आत जागा नाही."

"मला जागा नको. हे पाणी घ्या आधी."

"ते विष आहे."

मावशीनं घागर उतरवली, ओंजळ भरली आणि प्याली. गळ्यावरून पाणी ओघळलं तसं इकडं माणसांचे घसे हलले. तरी एकजण म्हणालाच, "ती तिकडची हाय. तिला सवय असंल."

"आणि मी?" पोर म्हणाली. "मी कालपासून पितेय."

"तुझ्यात विष भिनत असंल. आठवड्यानं मरशील."

"बरं. कोंबडी?"

कोंबडी टायरावर चढून बसली होती आणि गावाकडं बघून मान वाकडी करत होती. तरी दगड कुणी खाली टाकले नाहीत. माणसाला मरणाची भीती असतेच, पण आपण इतकी वर्षं खुळ्यासारखं वागलो ही भीती त्याहून मोठी असते.

पोरीनं मग बरोबर आणलेला पिंजरा हलवून तळाला राहिलेले गुलाबी दाणे फडक्यात घेतले.

"हवा मारते ना कोंबडीला? दाणा तर पितरांचा, पवित्र. मग हा दाणा मी टायरांच्या आत टाकते. आतली हवा चांगली आहे. कारभारीण आजी, तुझ्या कोंबड्याला खाऊ दे."

आणि तिनं दाणे फेकले. ते कारभारणीच्या पायांपाशी पडले. कोंबडा खादाड, तो काखेतून निसटला आणि खाली उडी मारून धावला.

कारभारीण त्याच्यावर पडली. अक्षरशः पडली. एवढी म्हातारी, चालताना काठी लागायची, पण तिनं आडवं होऊन कोंबड्याची मान धरली, त्याला छातीशी ओढलं, त्याच्या चोचीत बोट घालून बघितलं आणि दुसऱ्या हातानं दाणे मातीत पुरायला लागली.

सगळ्या गावानं बघितलं.

मग पोरीची आई पुढं आली. ती कधी चार माणसांत बोललेली नव्हती.

"का उचललास कोंबडा, कारभारीण?" तिनं विचारलं. "हवा आतलीच हाय. दाणा पितरांचाच हाय. मग का उचललास?"

कारभारीण टायरावर बसली. कोंबडा सोडला नाही.

"मी नवी सून होते तेव्हा," ती म्हणाली. "पिंपातून दाणा काढताना ओंजळभर सांडला. पिल्लं धावली. दिवस मावळायच्या आत सगळी पिल्लं आडवी झाली. इथं, खाणीच्या तळाला. चांगल्या हवेत."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सासू म्हणाली, झाडून टाक, बोलू नको. आदल्याच साली एका गड्यानं शीव ओलांडली होती. परत आला तर आम्ही घेतला नाही. टायरांपाशी बसून हाका मारत होता, मग कुठं गेला कळलं नाही. त्याची आई रोज माझ्या शेजारी बसून नाचणी कांडायची. तिला काय सांगू? हवा चांगली होती बाई, तुझा पोरगा आम्ही उगाच हाकलला?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हटलं, पुढल्या वर्षी सांगेन. पुढल्या वर्षी वाटलं, लोक विचारतील, मागल्या वर्षी का नाही सांगितलंस. असं करत करत म्हातारी झाले. जितकं लांबलं तितकं तोंड शिवत गेलं."

"आन् माझ्या पोराचे ओठ फाटले ते?" आईनं विचारलं.

कारभारणीनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला.

आईनं टायर ओलांडला, लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं, मग घागर उचलली आणि धाकट्याकडं धावली. तो प्याला. आधी ओठ भिजले, मग घोट गेला, मग त्यानं घागर दोन्ही हातांनी धरली ती सोडेना. आई रडायला लागली तर तो तिच्याकडं बघून म्हणाला, "तू पण पी की." त्यावर मावशीच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग गाव निघालं. टायर ओलांडताना काय एकेकाची तऱ्हा. कुणी डोळे मिटले, कुणी देवाचं नाव घेतलं. बगळा उंच उडतो म्हणणारा गडी तर श्वास कोंडून पलीकडे गेला आणि तसाच चालत राहिला. तोंड वांग्यासारखं झालं. शेवटी भसकन श्वास घेतला आणि छाती चाचपून बघायला लागला.

"मेलास का रं?" मावशीनं विचारलं.

"न्हाई वाटतं."

"मग चल पुढं, वाट अडवू नको."

नदीवर पोचल्यावर कुणाला कुणाचं भान राहिलं नाही. म्हातारी माणसं कपड्यांसकट पाण्यात बसली. शेळ्या प्याल्या. नदीवरच्या लोकांनी मोठ्या हंड्यात कालवण चढवलं. पोरीची आई गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून नुसती हसत होती, लहान पोरीसारखी. लेकीला ती हाताला धरून पाण्यात ओढत होती आणि लेक म्हणत होती, "अगं आई, मला पोहता येत नाही." आई म्हणाली, "मला तरी कुठं येतंय."

पण पोट भरलं की माणसाला दोष द्यायला सुचतं. जेवणं झाल्यावर तेच सुरू झालं. एकजण म्हणाला, दोष नदीवाल्यांचा, मेलेली कोंबडी बघून विचारायला का आले नाहीत. मावशी म्हणाली, "तुमच्या दारात मढं ठेवलेलं, आन् आम्ही पाहुणचाराला यायचं व्हय?" दुसरा म्हणाला, दोष मोडलेल्या जगाचा, त्यांनी दाण्याला विष चोळलं. तिसरा म्हणाला, दोष पहिल्यांदा ज्यानं कोंबडीला दाणा घातला त्याचा. त्यानं तर बिचाऱ्यानं मायेनं घातला होता, आणि तो मेलाही होता. मेलेल्याला दोष देणं सोपं असतं, तो उठून उत्तर देत नाही.

कारभारीण लांब बसली होती. ती उठून मधे आली.

खाणीतल्या लोकांची एक रीत होती. ज्याच्या हातून मोठा अपराध झाला, त्याचं नाव खाणीच्या तोंडाशी उभं राहून एकदा मोठ्यानं घ्यायचं. ज्याला त्याचं सोसावं लागलं त्यानं घ्यायचं. भिंती ते नाव परत परत म्हणतात, मग गप्प होतात. भिंती गप्प झाल्या की दोष फिटला. त्यानंतर त्या माणसाला कुणी टोमणा मारायचा नाही, त्याच्या पोराबाळांना ऐकवायचं नाही. पण नाव घेतल्याशिवाय सुटका नाही.

"माझं नाव घ्या," कारभारीण म्हणाली. "इतकी वर्षं पोटात दगड घेऊन हिंडतेय. काढा एकदाचा."

सगळे परत खाणीपाशी आले. नाव कुणी घ्यायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही. पोर टायरांपाशी जाऊन उभी राहिली, तोंडाला हात लावले, आणि मागं वळली.

"आजी, तुझं नाव काय?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. ते कुणालाच माहीत नव्हतं. जिनं गावावर हुकूम चालवला तिला सगळे कारभारीणच म्हणत आले होते. जिला नाव नसतं तिला दोषही चिकटत नाही, म्हणून तर हे सगळं इतकं लांबलं.

म्हातारी पोरीच्या कानाशी वाकली आणि नाव सांगितलं. सांगताना तिचे खांदे खाली आले, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखे.

तात्पर्य: मेलेली कोंबडी दिसली तर वाऱ्याला शिव्या देण्याआधी तिला काय चारलं ते बघावं, आणि ज्याला दिसलं त्यानं त्याच दिवशी बोलावं. नाही बोललं तर दोष हवेवर ढकलू नये. ज्याचा आहे त्याचं नाव एकदा घ्यावं आणि सगळ्यांनी मोकळं व्हावं. पोरीनं तेच केलं. खाणीच्या तोंडाशी उभं राहून तिनं मोठ्यानं हाक दिली, आणि भिंती बराच वेळ म्हणत राहिल्या, अंजिराबाई.